लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचे आहार-समुपदेशन : ताटाच्या बाजूने पाहिलेला इतिहास

लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर जी शस्त्रक्रिया करतात तिला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ग्रीक भाषेत ‘बारोस’ म्हणजे वजन, त्यावरून हा शब्द आला. आज अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या कोणत्याही चांगल्या रुग्णालयात रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी आहारतज्ज्ञाच्या खोलीत जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने आयुष्यभर तिथे येत राहावे अशी अपेक्षा असते. ही व्यवस्था पहिल्यापासूनच असणार असे वाटणे साहजिक आहे. पण तसे नव्हते. या शस्त्रक्रियेची सुरुवात जवळपास उलट विचारातून झाली. आहाराचा सल्ला वर्षानुवर्षे देऊनही अतिलठ्ठ रुग्णांचे वजन उतरत नाही, तेव्हा सल्ल्याची गरजच उरणार नाही असा बदल शरीरात करून टाकावा, असा तो विचार होता.

या विचाराचे पुढे काय झाले, ते या पाठात आपण पाहणार आहोत. शस्त्रक्रियेचे तंत्र कसे बदलत गेले हा इतिहास शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत सापडतो. येथे आपले लक्ष रुग्णाच्या ताटाकडे आहे. माझे म्हणणे असे की, जठर लहान केल्यावर किंवा आतडे वगळल्यावर कोणत्या उणिवा निर्माण होतील हे ओळखण्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान १९५० पर्यंत जमा झाले होते. ते पोटाच्या व्रणाच्या वॉर्डात, रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत आणि बेरीबेरीवरील अहवालांत विखुरलेले होते. ते एकत्र करून रुग्णासमोर बसून सांगणारा माणूस नेमायला आणखी तीन-चार दशके लागली, आणि त्या मधल्या काळाची किंमत रुग्णांनी मोजली.

आधीच माहीत असलेल्या गोष्टी

१८८१ या वर्षापासून सुरुवात करू. त्या वर्षी जानेवारीत व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. जठराचा भाग काढूनही माणूस जगतो आणि जेवतो हे त्यातून प्रथम सिद्ध झाले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कार्ल वेर्निके यांनी मेंदूच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो आणि मन गोंधळते. त्यांनी तीन रुग्ण वर्णिले. दोघे मद्यपी होते. तिसरी रुग्ण वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी होती. तिने सल्फ्युरिक आम्ल प्यायले होते, त्यामुळे जठराचे तोंड आकसले आणि तिला सतत उलट्या होत राहिल्या. पुढे हा आजार मद्यपींचा म्हणूनच ओळखला गेला आणि ही मुलगी वैद्यकीय स्मृतीतून जवळजवळ पुसली गेली. आपल्या विषयासाठी मात्र तीच महत्त्वाची आहे. अन्न पोटात टिकले नाही तर काही आठवड्यांत मेंदूला इजा होऊ शकते, हे तिच्या उदाहरणात दिसत होते.

या आजाराचे कारण थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, यांचा अभाव हे आहे, हे कळायला बेरीबेरीचा अभ्यास व्हावा लागला. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांनी पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखी लक्षणे पाहिली. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी तिथेच या द्रव्याचे स्फटिक मिळवले, आणि १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. हे विल्यम्स जन्माने नेल्लोरचे, मिशनरी आईवडिलांचे चिरंजीव. भारतात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीही बेरीबेरीचा शोध घेतला. त्यांच्या त्या लहान प्रयोगशाळेतूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

दुसरा धागा रक्ताचा. १८९७ मध्ये झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले आणि ती वर्षभराहून अधिक जगली. पुढच्या काळात असे रुग्ण अधिक वर्षे जगू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना काही वर्षांनी एक विशिष्ट रक्तक्षय होतो असे लक्षात आले. १९२० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनमध्ये विल्यम कॅसल यांनी त्याचा उलगडा केला. त्यांचा प्रयोग ऐकायला किळसवाणा वाटेल. ते स्वतः अर्धकच्चे मांस खात, तासाभराने ते ओकून काढत आणि तो द्रव गाळून, पचवून रक्तक्षयाच्या रुग्णांना नळीने देत. नुसत्या मांसाने रुग्ण सुधारत नसत, या द्रवाने सुधारत. म्हणजे अन्नातला एक घटक शोषला जाण्यासाठी निरोगी जठराने पुरवलेला दुसरा घटक लागतो. अन्नातला तो घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, जे १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले.

याच सुमारास मुंबईत ल्युसी विल्स गिरणी कामगार वस्तीतल्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. १९३१ मध्ये त्यांनी दाखवले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो. त्यातला उपयुक्त घटक फोलेट होता. गरोदरपण आणि अपुरे जेवण एकत्र आले की काय होते, हे मुंबईच्या त्या स्त्रियांनी जगाला शिकवले.

आणखी एक गोष्ट. जठराचा खालचा दरवाजा काढून टाकला की गोड पदार्थ थेट आतड्यात घसरतात, आणि रुग्णाला घाम, धडधड, भोवळ आणि जुलाब होतात. १९१३ मध्ये हर्ट्झ यांनी हे वर्णिले आणि १९२२ पासून त्याला ‘डम्पिंग’ हे नाव मिळाले. व्रणाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला थोडे थोडे, कमी गोड आणि जेवताना पाणी न पिता खायला सांगावे, हे त्या वॉर्डातल्या परिचारिकेलाही ठाऊक असे.

दीड फूट आतडे

१९५४ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातील आर्नोल्ड क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा वरचा बराच भाग गमावला तरी प्राणी वजन टिकवतो, पण खालचा भाग गमावला तर मेद शोषला जात नाही, असे त्यांना दिसले. आतडे वगळून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया यातून पुढे आली. त्याआधी स्वीडनमध्ये व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी लठ्ठपणासाठी आतड्याचा भाग काढण्याचा प्रयत्न केलाच होता.

लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डेविंड यांनी १९५६ पासून अधिक धाडसी पद्धत वापरली. त्यांनी लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा थेट मोठ्या आतड्याला जोडला. वजन हवे तेवढे उतरले की आतडे पुन्हा पूर्ववत जोडून द्यायचे, अशी योजना होती. वजन उतरले, पण जुलाब आणि क्षारांची घट इतकी तीव्र झाली की ही पद्धत सोडावी लागली, आणि ज्यांचे आतडे पुन्हा जोडले त्यांचे वजन परत वाढले. मग त्यांनी सुधारित रूप आणले : वरचे चौदा इंच आतडे खालच्या चार इंचांना जोडायचे. सुमारे वीस फुटांपैकी दीड फूट आतडे अन्नाच्या वाटेवर राहिले. १९६० आणि ७० च्या दशकांत हजारो रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली.

तिचे आकर्षण कशात होते हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर त्या काळच्या डॉक्टरांना आपण मूर्ख किंवा निष्ठुर ठरवू. रुग्ण असे होते की ज्यांनी उपासमारीसकट सर्व उपाय करून पाहिले होते. त्यांना मधुमेह होता, झोपेत श्वास अडकत असे, आणि लोक त्यांना आळशी म्हणत. त्यांना मिळणारे आश्वासन मोठे होते : भरपेट जेवा, शरीर ते शोषणारच नाही. ज्या शस्त्रक्रियेचे गमक न शोषण्यात आहे तिच्यानंतर आहाराचे समुपदेशन कशाला हवे?

शरीराने लवकरच हिशेब मांडला. मेद शोषला गेला नाही, त्याबरोबर मेदात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही गेली. काही रुग्णांना रातांधळेपणा आला. भरपूर खाणाऱ्या, श्रीमंत देशातल्या माणसांना तो आजार झाला, जो आपल्याकडे कुपोषित मुलांत पाहिला जात होता. काहींच्या यकृतात चरबी साठून यकृत निकामी झाले. १९७० च्या दशकात संशोधकांनी या यकृताची तुलना क्वाशिओरकरशी केली, म्हणजे सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये वर्णिलेल्या बालकांच्या प्रथिनकुपोषणाशी. पिष्टमय पदार्थ भरपूर आणि प्रथिने अपुरी, हे दोन्हीकडे समान होते.

मुतखड्याचे प्रकरण तर पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. पालकासारख्या भाज्यांत, चहात आणि सुक्या मेव्यात ऑक्झलेट असते. एरवी आतड्यातले कॅल्शियम त्याला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे जाते. आतड्यात न शोषलेला मेद असेल तर कॅल्शियम त्या मेदाशीच बांधले जाते. ऑक्झलेट मोकळे राहते, मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडात खडे तयार करते. यावरचा उपाय ताटात होता : मेद कमी करा, ऑक्झलेटयुक्त पदार्थ कमी करा, कॅल्शियम जेवणाबरोबर घ्या. ‘काहीही खा’ म्हणून सुरू झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना शेवटी पथ्याचा कागद द्यावा लागला तो असा. १९८० च्या आसपास ही शस्त्रक्रिया जवळजवळ बंद झाली, आणि अनेकांचे आतडे पूर्ववत करावे लागले.

मेसन यांचे निरीक्षण

आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन वेगळ्या वाटेने आले. व्रणासाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन उतरते आणि पुन्हा सहजी वाढत नाही, असे त्यांनी पाहिले होते. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी जठराचा लहानसा वरचा भाग वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया केली. हाच गॅस्ट्रिक बायपास. १९७७ मध्ये केंटकीच्या वॉर्ड ग्रिफेन यांनी आतड्याची जोडणी वाय आकाराची केली. तेच रूप आज सर्वाधिक ओळखीचे आहे.

येथे एक विसंगती लक्षात घ्या. व्रणाच्या वॉर्डातून वजन उतरण्याचे निरीक्षण लठ्ठपणाच्या वॉर्डात आले. पण त्याच वॉर्डात आधीपासून माहीत असलेली दुसरी गोष्ट, की अशा रुग्णांना लोहाचा आणि बी-१२ चा अभाव होतो, ती त्याच वेगाने आली नाही. लोह मुख्यतः आतड्याच्या पहिल्या भागात शोषले जाते आणि त्यासाठी जठराचे आम्ल मदत करते. बायपासमध्ये अन्न दोन्ही टाळून जाते. बी-१२ ला कॅसल यांचा जठरातला घटक लागतो, तोही अन्नाला नीट भेटत नाही. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रिया या रुग्णांत बहुसंख्य असूनही लोहाच्या गोळ्या सर्वांना आधीपासूनच द्याव्यात की रक्तक्षय दिसल्यावर, यावर १९९० च्या दशकापर्यंत चर्चा चालली होती. १९९८ मध्ये न्यू जर्सीच्या रॉबर्ट ब्रोलिन यांनी पाळी येणाऱ्या स्त्रियांवर केलेली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. आधीपासून दिलेल्या लोहाने लोहाची कमतरता टाळता येते हे तिने दाखवले.

त्याहून गंभीर गोष्ट मज्जातंतूंची होती. १९७७ मध्येच मेसन आणि त्यांचे सहकारी प्रिंटन यांनी गॅस्ट्रिक बायपासनंतर हातापायांच्या मज्जातंतूंना झालेल्या इजेची नोंद केली. १९८० च्या दशकात जठराला स्टेपल मारून ते लहान करण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. या रुग्णांना घाईने किंवा न चावता खाल्ले की उलट्या होत. काहींच्या उलट्या आठवडेच्या आठवडे चालत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या एका अभ्यासात २३ जणांना मज्जासंस्थेचे विकार झाले होते, आणि त्यांची पार्श्वभूमी बहुतेक अशाच दीर्घ उलट्यांची होती. वेर्निके यांच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीची गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडत होती. अशा रुग्णाला अशक्तपणासाठी ग्लुकोजचे सलाइन लावले आणि थायामिन दिले नाही, तर साखर वापरताना शरीर उरलेसुरले थायामिनही संपवते आणि मेंदूचा आजार उघड होतो. मद्यपींबाबत हे प्रत्येक डॉक्टरला शिकवले जाई. समोरचा रुग्ण मद्यपी नसला की ते आठवत नसे.

इटलीच्या जिनोव्हा शहरात निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ पासून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नापासून दूर ठेवणारी शस्त्रक्रिया सुरू केली. वजन उतरवण्यात ती फार प्रभावी होती. पण प्रथिनांचा अभाव होऊन काही रुग्णांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागे. तिचा विस्तार येथे करत नाही. मेदविद्राव्य जीवनसत्त्वांचा प्रश्न तिने पुन्हा पुढे आणला एवढे पुरे.

चार घड्याळे

या सगळ्या अनुभवातून जे शिकले गेले ते समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे शरीरातले साठे पाहणे. थायामिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरतो. लोहाचा साठा महिन्यांत संपतो, पाळी जास्त जात असेल तर लवकर. बी-१२ चा यकृतातला साठा काही वर्षे चालतो. हाडांतले कॅल्शियम दशकभर पुरेल इतके असते. म्हणून उणिवा एकाच वेळी येत नाहीत. पहिली येते तेव्हा रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली असतो. तिसरी येते तेव्हा वजन उतरलेले असते, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, नातेवाईक कौतुक करत असतात, आणि तपासणीला जाण्याचे कारणच रुग्णाला दिसत नाही. चौथी तर रक्ततपासणीतही लपते. शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातले प्रमाण सामान्य ठेवते, त्यामुळे कॅल्शियमचा अहवाल चांगला दिसतो. ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासले तरच चोरी कळते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने शस्त्रक्रियेचे निकष ठरवले : बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहआजार असल्यास ३५. या निकषांचीच चर्चा जास्त झाली. पण माझ्या मते त्या निवेदनातली दुसरी दोन विधाने अधिक दूरगामी होती. रुग्णाची निवड करणाऱ्या चमूत पोषणाचे ज्ञान असलेली व्यक्ती हवी, आणि शस्त्रक्रियेनंतरची देखरेख आयुष्यभर हवी. आहारतज्ज्ञाला खोलीत अधिकृत खुर्ची मिळाली ती येथे. अमेरिकेच्या शल्यचिकित्सक संघटनेने पोषणाविषयीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे ती सुधारली. गॅस्ट्रिक बायपासनंतर चाळीस वर्षांनी ही तत्त्वे आली, हे अंतर ध्यानात ठेवावे.

या तत्त्वांतले आकडे साधारण असे आहेत : रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने, थायामिन किमान १२ मिलिग्रॅम, बी-१२ तोंडाने रोज ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, पाळी येणाऱ्या स्त्रियांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह, बायपास किंवा स्लीव्हनंतर १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट रूपात, कारण कार्बोनेटला जठराचे आम्ल लागते. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घ्यायचे नाहीत, एक दुसऱ्याला अडवते. या प्रत्येक ओळीमागे वर पाहिलेला एखादा जुना वॉर्ड आहे.

समुपदेशन म्हणजे हे आकडे वाचून दाखवणे नव्हे, हेही अनुभवानेच कळले. पहिले काही दिवस पातळ पदार्थ, मग वाटलेले, मग मऊ, मग नेहमीचे, असे टप्पे ठरले. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी पोळी-भात, हा क्रम ठरला. पाणी जेवणाबरोबर न पिता मध्ये मध्ये घ्यायचे, हा डम्पिंगच्या काळातला जुना नियम परत आला. उलटी ही शस्त्रक्रियेनंतर ‘होतेच’ अशी गोष्ट न मानता थांबत नसेल तर लगेच कळवायची, हे रुग्णाच्या घरच्यांनाही सांगितले जाऊ लागले.

इथे एक इशारा आवश्यक आहे. २००० नंतर जठराची नळी करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली. आधी ती अतिजोखमीच्या रुग्णांसाठी दोन टप्प्यांतल्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून केली जाई. तिच्यात आतड्याला हात लावत नाहीत, म्हणून ‘यात उणिवा होत नाहीत’ असा समज पसरला. पण उलट्या होणारा रुग्ण स्लीव्हनंतरही थायामिन गमावतोच, आणि जठराचा बराच भाग गेल्यावर बी-१२ चा प्रश्नही उरतोच.

उणिवांची ही यादी वाचून शस्त्रक्रिया घातक आहे असा निष्कर्ष काढू नये. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात २०१० शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची २०३७ इतरांशी तुलना झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यू कमी आढळले. फायदा खरा आहे, म्हणूनच नंतरची हानी टाळणे महत्त्वाचे ठरते.

भारतीय ताट

भारतात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले आहे की भारतीय शरीर कमी वजनातही अधिक मेद बाळगते. या कारणाने २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आणली : सहआजार असल्यास बीएमआय ३२.५ च्या वर, नसल्यास ३७.५ च्या वर. याचा अर्थ असा की आपल्याकडे तुलनेने कमी वजनाचे लोकही या वाटेवर येतात.

आणि ते बहुधा आधीच उणिवा घेऊन येतात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालेल्या गर्भवतींच्या प्रसिद्ध अभ्यासात दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते, फोलेट मात्र पुरेसे होते. पाश्चात्त्य मार्गदर्शिका गृहीत धरते की रुग्णाच्या यकृतात काही वर्षांचा साठा आहे. दूध-दही बेताचे आणि मांसाहार नाही अशा घरातल्या रुग्णाचे हे घड्याळ शस्त्रक्रियेच्या दिवशीच संपत आलेले असू शकते. म्हणून आपल्याकडे शस्त्रक्रियेआधीची रक्ततपासणी ही औपचारिकता ठरत नाही. नुसते फोलिक ॲसिड देऊन रक्तक्षय सुधारला आणि समाधान मानले, तर बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. हा धडा ल्युसी विल्स आणि कॅसल यांचे काम एकत्र वाचले की मिळतो.

६० ग्रॅम प्रथिनांचा हिशेब भारतीय स्वयंपाकघरात मांडून पाहा. शिजलेल्या वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. नुसत्या वरणावर ६० ग्रॅम गाठायचे तर नऊ-दहा वाट्या लागतील. बायपासनंतरचा जठराचा कप्पा सुरुवातीला ३० मिलिलीटरच्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. ‘डाळ खा’ हा सल्ला शाकाहारी रुग्णाला अशा वेळी अपुरा ठरतो. मग पनीर, घट्ट दही, सोयाबीन, सत्तू, दुधाची भुकटी आणि बहुतेकांना काही महिने प्रथिनांची पावडर, असा मेळ घालावा लागतो. अंडी चालत असतील तर काम बरेच सोपे होते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ते जागा कमी घेते.

बाकीचे अडथळे प्रांताप्रांताने बदलतात. कोरडी पोळी आणि फडफडीत भात लहान कप्प्यात अडकतात. त्यापेक्षा इडली, मऊ खिचडी, दह्यातला भात उतरतो. लोहाच्या गोळीवर लगेच घेतलेला चहा लोह अडवतो, आणि दिवसातून चार-पाच वेळा चहा होणाऱ्या घरात ती वेळ शोधावी लागते. उपवास हा वेगळाच विषय आहे. एकादशी असो वा रमजानचा महिना, दीर्घ काळ न पिता राहणे आणि नंतर एकदम गोड किंवा तळलेले खाणे, ही दोन्ही टोके अशा रुग्णाला त्रासदायक ठरतात. समुपदेशकाने ‘उपवास करू नका’ म्हटले की रुग्ण पुढच्या वेळी उपवासाबद्दल सांगतच नाही. त्याऐवजी कोणत्या महिन्यापर्यंत टाळायचा आणि नंतर कसा करायचा हे बोलले तर माहिती मिळत राहते. साबुदाणा हे उपवासाचे अन्न असले तरी त्यात जवळजवळ नुसते पिष्ट आहे, हे सांगायला विसरू नये.

तरुण स्त्रियांसाठी आणखी एक विषय खुलेपणाने बोलावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्या काळात वजन आणि साठे दोन्ही झपाट्याने उतरत असतात. वजन उतरल्याने पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता मात्र वाढते. लग्नाआधी गुपचूप शस्त्रक्रिया करून घेतलेल्या मुलीने सासरी गोळ्या कशा घ्यायच्या, हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. आपल्याकडच्या आहारतज्ज्ञाला तो ऐकावा लागतो.

खर्चाची बाजूही आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये काही अटींसह लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसवण्याचा मार्ग मोकळा केला. पण आपला आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेला आहे. पुढच्या वीस-तीस वर्षांच्या गोळ्या, पावडर आणि दरवर्षीच्या रक्ततपासण्या त्या चौकटीत बसत नाहीत. शस्त्रक्रिया महानगरात होते, रुग्ण आपल्या गावी परततो, आणि त्याच्या तालुक्याच्या डॉक्टरने असा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसतो. त्यामुळे अनेक आहारतज्ज्ञ आता रुग्णाच्या पाकिटात मावेल असे कार्ड देतात. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि मातृभाषेत दोन ओळी असतात : सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोज लावण्याआधी थायामिनचे इंजेक्शन द्या, वेदनाशामक गोळ्या आमच्याशी बोलल्याशिवाय देऊ नका.